शासकीय खरेदी आणि देशी उत्पादन : रेल्वे साहित्याच्या इतिहासातून नवी मुंबई मेट्रोपर्यंत

प्रस्तावना

दि. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी बेलापूर ते पेंधर हा नवी मुंबई मेट्रोचा पहिला मार्ग प्रवाशांसाठी खुला झाला. १ मे २०११ रोजी भूमिपूजन झाल्यापासून बारा वर्षे लोटली होती. सुमारे ११ किलोमीटर लांबीच्या आणि अकरा स्थानकांच्या या मार्गावर धावणाऱ्या गाड्यांचे डबे चीनमधील हुनान प्रांतातील झुझो या शहरात बांधण्यात आले. त्याच महानगर प्रदेशात, खाडीच्या पलीकडे, दहिसरहून अंधेरीकडे येणाऱ्या मेट्रोचे डबे मात्र बंगळूरच्या 'बीईएमएल' या भारत सरकारच्या कंपनीने तयार केलेले आहेत. पहिल्या गाड्यांची ग्राहक 'सिडको', दुसऱ्या गाड्यांची ग्राहक मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. दोन्ही संस्था महाराष्ट्र शासनाच्याच. मग एका शासनाच्या दोन संस्थांच्या खरेदीत हा फरक का पडला?

या प्रश्नाची दोन तयार उत्तरे नेहमी ऐकू येतात. एक, परदेशी माल स्वस्त पडला. दोन, खरेदी करणाऱ्यांना स्वदेशीची चाड नव्हती. ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. शासनाने देशी माल घ्यावा ही मागणी या देशात शंभर वर्षांहून जुनी असून तिच्या इतिहासात सर्वांत जास्त कागद रेल्वेच्या साहित्याने व्यापलेला आहे. तो इतिहास पाहिला असता असे दिसते की, देशी मालाला प्राधान्य देण्याचे धोरण घोषणेवर कधीच ठरले नाही. निविदा कोठे उघडली जाते, मालाचे विनिर्देश (म्हणजे मोजमाप, साहित्य आणि चाचण्या यांच्या लेखी अटी) कोण ठरवितो आणि किती मालाची हमी दिली जाते, या तीन रुक्ष वाटणाऱ्या बाबींवर ते ठरत आले आहे. प्रस्तुत निबंधात या दृष्टीने रेल्वे साहित्याच्या खरेदीचा मागोवा घेऊन नवी मुंबईच्या उदाहरणाकडे पाहावयाचे आहे.

स्वदेशीचा विचार आणि 'सरकार' नावाचा ग्राहक

महाराष्ट्रातील स्वदेशीची परंपरा बंगालच्या फाळणीपेक्षा बरीच जुनी आहे. लोकहितवादींनी १८४८ पासून 'प्रभाकर' पत्रातून लिहिलेल्या शतपत्रांत देशी मालाच्या वापराचा आग्रह धरला. सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका १८७७ च्या दिल्ली दरबारास हातसुताचे जाडेभरडे कपडे घालून उपस्थित राहिले. पुढे १९०५ नंतर स्वदेशीचे आंदोलन आले आणि पैसा फंडाच्या एकेका पैशातून तळेगावास काचेचा कारखाना उभा राहिला. हा सारा प्रयत्न मुख्यतः व्यक्तीच्या खरेदीला उद्देशून होता. धोतर कोणते नेसावे, साखर कोणती खावी, कंदिलाची काच कोठली घ्यावी, हे प्रश्न घरातल्या कर्त्या माणसाला विचारलेले होते.

परंतु देशातील सर्वांत मोठे गिऱ्हाईक घरात राहत नव्हते. रूळ, इंजिने, पुलांच्या तुळया, तारायंत्रे, सैन्याचे बूट आणि कचेऱ्यांतील कागद विकत घेणारे सरकार हेच ते गिऱ्हाईक होय. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे वेगळेपण येथे दिसते. १८९० मध्ये पुण्यात भरलेल्या औद्योगिक परिषदेपासून त्यांनी जे निबंध वाचले त्यांत व्यक्तीच्या त्यागापेक्षा राज्यसंस्थेच्या कर्तव्यावर भर आहे. लोखंडाच्या उद्योगातील प्रारंभिक प्रयत्नांवर त्यांनी १८९२ मध्ये स्वतंत्र निबंध वाचला. उद्योगास प्रथम पाय रोवू देणे हे राज्याचे काम आहे, ही त्यांची भूमिका त्या काळच्या इंग्रजी अर्थशास्त्राला न मानवणारी होती. इंग्रज अधिकारी मुक्त व्यापाराचा दाखला देत; पण त्यांचीच भांडार खरेदी मुक्त नव्हती.

लंडनमध्ये उघडणारी निविदा

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेशी १८४९ मध्ये झालेल्या करारानुसार कंपनीच्या भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी सरकारने घेतली होती. कंपनीचे संचालक मंडळ लंडनमध्ये होते आणि खरेदीही तेथेच होई. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या पहिल्या गाडीची इंजिने लँकेशायरमधील व्हल्कन फाउंड्रीत तयार झालेली होती. त्या वेळी यात वावगे काही नव्हते, कारण इंजिने बांधणारा कारखाना येथे नव्हताच. वावगे ते पुढे घडले. हमीचा परतावा हिंदुस्थानातील करदात्याच्या खिशातून जात असल्यामुळे साहित्य महाग पडले तरी कंपनीला त्याची फारशी झळ लागत नसे.

सरकारच्या स्वतःच्या खरेदीची रीतही हीच होती. येथील खात्यांनी मागणीपत्रक तयार करावयाचे, ते लंडनला इंडिया ऑफिसच्या भांडार विभागाकडे जावयाचे, निविदा तेथेच मागवल्या जावयाच्या, मालाची तपासणी तेथील सल्लागार अभियंत्यांनी करावयाची आणि पैसे पौंडात चुकते करावयाचे. या साखळीत मुंबईच्या वा कलकत्त्याच्या कारखानदाराला निविदा निघाली हे कळायलाही उशीर होई. हिंदुस्थानातील रेल्वेसाठी इंजिनांचे जे प्रमाणित नमुने विसाव्या शतकाच्या आरंभी ठरविण्यात आले, ते ब्रिटिश अभियांत्रिकी मानक संस्थेने ठरविले. विनिर्देश ज्याच्या कारखान्याच्या मापाने लिहिले जातात, त्याचाच माल विनिर्देशात बसतो.

लॉर्ड रिपनच्या कारकिर्दीत, १८८३ मध्ये, देशी बनावटीचा माल घेण्यास उत्तेजन देणारे नियम निघाले. गुणवत्ता पुरेशी असल्यास आणि किंमत प्रतिकूल नसल्यास स्थानिक माल घ्यावा, असा त्यांचा आशय होता. वाचायला नियम निर्दोष आहे. तथापि गुणवत्ता पुरेशी आहे की नाही हे ठरविणारा अधिकारी, ज्या मालाची त्याला सवय होती त्याच मालाशी तुलना करणार हे उघड होते. नियम पुढे अनेकदा सुधारण्यात आले, पण निविदा लंडनमध्ये उघडण्याची पद्धत कायम राहिली. अजमेरच्या कार्यशाळेत १८९५ मध्ये मीटरगेजचे वाफेचे इंजिन तयार झाले, म्हणजे येथील कारागिरांना ते काम जमत होते. तरीही स्वातंत्र्यापर्यंत देशात बांधली गेलेली इंजिने सुमारे सातशेच्या घरात राहिली आणि ब्रिटनमधून आलेली इंजिने बारा हजारांच्या वर गेली.

पहिल्या महायुद्धात समुद्रमार्ग धोक्यात आले तेव्हा या व्यवस्थेतील दोष सरकारलाही जाणवला. सर थॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखालील औद्योगिक आयोगाने (१९१६-१८) भांडार खरेदीच्या पद्धतीत बदल सुचविला, त्यानंतर खरेदीविषयक समिती नेमली गेली आणि १९२२ मध्ये इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट स्थापन झाले. पण कंपन्यांच्या हाती असलेल्या रेल्वे या खात्यामार्फत खरेदी करण्यास बांधील नव्हत्या, त्यामुळे सर्वांत मोठी खरेदी बाहेरच राहिली. येथील व्यापारी मंडळे आणि विधिमंडळातील सभासद ज्या मागणीसाठी झगडत होते ती 'रुपया निविदेची' होती. निविदा हिंदुस्थानात मागवावी, दर रुपयांत द्यावा आणि माल येथे पोहोचल्यावरची किंमत धरावी, एवढीच ती मागणी. ती नियमरूपाने अमलात यायला १९३१ साल उजाडले. इतक्या साध्या सुधारणेला अर्धशतक लागावे, यातच तिचे महत्त्व दिसते.

दोन आश्वासने, दोन कारखाने

शासकीय खरेदीच्या इतिहासात दोन आश्वासने शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

पहिले टाटांच्या पोलाद कारखान्याला मिळालेले. साकचीचा कारखाना उभा राहण्यापूर्वीच सरकारने दहा वर्षे दरवर्षी २०,००० टन रूळ आयात मालाच्या किमतीस घेण्याचे मान्य केले. अट एवढीच की रूळ विनिर्देशानुसार असावेत. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीची नोंदणी २६ ऑगस्ट १९०७ रोजी मुंबईत झाली आणि भागभांडवल तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार लोकांनी पुरे केले. या घटनेचे वर्णन बहुधा स्वदेशीच्या लाटेचा विजय म्हणून केले जाते. लाट होतीच, पण भाग घेणाऱ्याच्या मनात त्या २०,००० टनांचाही हिशेब असला पाहिजे. सरकारने येथे किंमत वाढवून दिली नव्हती, अनुदान दिले नव्हते. दिली होती ती केवळ गिऱ्हाईक मिळण्याची निश्चिती. फेब्रुवारी १९१२ मध्ये पोलाद ओतले गेले आणि दोन वर्षांनी युद्ध सुरू झाल्यावर हेच रूळ मेसोपोटेमियाच्या रेल्वेमार्गांना कामी आले.

दुसरे आश्वासन १९२१ चे. वाफेची इंजिने देशात बांधली जावीत या हेतूने सरकारने जाहीर केले की, १९२३ पासून बारा वर्षे आवश्यक ती सर्व इंजिने व बाष्पके यांसाठी दरवर्षी हिंदुस्थानात निविदा मागविल्या जातील. या भरवशावर जमशेदपूरजवळ पेनिन्सुलर लोकोमोटिव्ह कंपनी निघाली. वर्षाला दोनशे इंजिने बांधण्याची तिची योजना होती. निविदा निघाल्या, पण काम मिळाले नाही, कारण विलायती कारखान्यांचे दर युद्धोत्तर मंदीत उतरले होते. कंपनी १९२४ मध्ये टॅरिफ बोर्डाकडे संरक्षण मागायला गेली. देशाची इंजिनांची मागणीच एवढी नाही की कारखाना किफायतशीरपणे चालावा, असे मत देऊन बोर्डाने अर्ज नाकारला. अखेर ईस्ट इंडियन रेल्वेने तो कारखाना विकत घेतला आणि तेथे डब्यांच्या सांगाड्यांचे काम सुरू झाले.

'खरेदी करू' आणि 'निविदा मागवू' या दोन क्रियापदांतील अंतर येथे दिसते. १९०५ च्या सुमारास दिलेला शब्द परिमाणाचा होता, १९२१ चा शब्द संधीचा होता. संधीवर कोणीही यंत्रे मांडत नाही, आणि जो मांडतो त्याची गत पेनिन्सुलर कंपनीसारखी होते. या कथेला एक उपकथानकही आहे. हाच कारखाना १९४५ मध्ये 'टेल्को'कडे आला. रेल्वेशी दीर्घ मुदतीचा करार झाला आणि त्याच जागेत वाफेची इंजिने तयार होऊ लागली. जमीन तीच आणि हवापाणी तेच असताना फरक पडला तो कराराचा.

हार्बर मार्गाने खाडीपलीकडे

मुंबईत विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी हार्बर मार्गाने धावली. तिचे डबे इंग्लंड आणि जर्मनीहून आले होते. सदुसष्ट वर्षांनी हाच हार्बर मार्ग मानखुर्दहून खाडी ओलांडून वाशीला पोहोचला. ९ मे १९९२ रोजी नवी मुंबईला रेल्वे मिळाली. या प्रकल्पाचा ६७ टक्के खर्च सिडकोने आणि ३३ टक्के रेल्वेने उचलला. शहर वसविणाऱ्या संस्थेने जमिनीच्या विक्रीतून रेल्वे बांधावी, हा प्रयोग त्या वेळी नवा होता आणि त्यावर स्वतंत्र लेखन व्हावे इतका महत्त्वाचाही आहे.

येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट वेगळी आहे. वाशीला गाडी आली तेव्हा डबे कोठले हा प्रश्न कोणी विचारला नाही, कारण तोपर्यंत उपनगरी गाड्यांचे डबे पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत आणि कलकत्त्याच्या जेसप कंपनीत बनत होते. पेरांबूरचा कारखाना १९५५ मध्ये स्विस सहकार्याने सुरू झाला. खरेदी करणारी रेल्वे एक, तिचे विनिर्देश एक आणि मागणी वर्षानुवर्षे चालणारी, त्यामुळे देशी डबा हा धोरणाचा विषय न राहता नित्याची बाब होऊन बसला. सरकारी कारखान्याला ठरलेले गिऱ्हाईक मिळाले की तो सुस्तावतो, हा आक्षेप खोटा नाही. मुंबईच्या गर्दीला पुरेशा हवेशीर गाड्या मिळायला फार उशीर लागला, आणि जागतिक बँकेच्या कर्जातून २००७ पासून आलेल्या नव्या गाड्यांत डबे पेरांबूरचे पण विद्युत सामग्री सीमेन्सची, अशी वाटणी झाली. मात्र उशिरा का होईना, बदल त्याच कारखान्यात झाला.

रेल्वेबाहेरच्या खरेदीची कथा थोडक्यात सांगता येईल. केंद्रात पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय १९५१ पासून दरकरार करीत असे. महाराष्ट्रात १९६२ मध्ये लघुउद्योग विकास महामंडळ स्थापन झाले आणि उद्योग संचालनालयामार्फत राज्याचे दरकरार होऊ लागले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने ठाणे-बेलापूर पट्ट्यात भूखंड पाडले. आजची नवी मुंबई अनेक अर्थांनी या पट्ट्याच्या कुशीत वाढली. दरकराराची ती पद्धत आता मागे पडली आहे. राज्याने १ डिसेंबर २०१६ रोजी कार्यालयीन खरेदीची नवी नियमपुस्तिका लागू केली, केंद्राने २०१६ मध्ये 'जेम' ही ऑनलाइन बाजारपेठ सुरू केली आणि ऑक्टोबर २०१७ अखेर जुने महासंचालनालय बंद झाले.

आठ गाड्यांची खरेदी

मेट्रोने ही घडी मोडली. मेट्रो रेल्वे भारतीय रेल्वेच्या बाहेर राहिली आणि प्रत्येक शहराची संस्था स्वतंत्र ग्राहक बनली. दिल्लीच्या पहिल्या टप्प्यात सुरुवातीच्या गाड्या कोरियातून आल्या आणि उरलेल्या बीईएमएलने बंगळूरला बांधल्या. तंत्र शिकण्याची अट खरेदीतच घातलेली होती. मुंबईत घाटकोपर-वर्सोवा मार्ग (२०१४) खासगी भागीदारीत झाल्यामुळे डबे घेणारी कंपनी खासगी होती, आणि तिने चीनच्या नानजिंग येथून चार डब्यांच्या सोळा गाड्या आणल्या. शासकीय खरेदीचे नियम अशा ग्राहकाला लागूच होत नाहीत. भागीदारीच्या प्रकल्पांत देशी मालाचा प्रश्न या वाटेने नकळत निसटतो, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

सिडकोने मात्र स्वतः ग्राहक होऊन काम काढले. सिग्नल, विद्युत व्यवस्था आणि गाड्या यांचा एकत्र ठेका अन्साल्डो, टाटा प्रोजेक्ट्स आणि चिनी डबे-उत्पादक यांच्या गटाला मिळाला. गाड्या हव्या होत्या आठ, प्रत्येकी तीन डब्यांच्या. म्हणजे एकूण चोवीस डबे. हा आकडा या चर्चेचा गाभा आहे. चोवीस डब्यांसाठी कोणताही उत्पादक नवे साचे आणि नवी बांधणी-रांग उभारणार नाही; तो तयार नमुन्यातील गाडी थोडा फेरफार करून देईल, आणि तयार नमुने ज्याच्याकडे सर्वांत अधिक त्याचा दर सर्वांत कमी येईल.

राज्यातील इतर खरेदी याच्या जोडीला ठेवल्या तर चित्र स्पष्ट होते. नागपूरने ६९ डबे घेतले, तेही चीनमधून, दालियानच्या कारखान्यातून. त्या वेळी नागपुरात डब्यांचा कारखाना काढण्याचा मनोदय जाहीर झाला, पण तो कारखाना उभा राहिला नाही. पुण्याने १०२ डबे मागविले. ते तितागड समूहाला मिळाले, पहिल्या गाड्या इटलीतील कारखान्यातून आल्या आणि पुढचे काम बंगालमध्ये झाले. मुंबईच्या २अ, २ब आणि ७ या मार्गांसाठी प्राधिकरणाने तिन्ही मार्गांची गरज एकत्र करून २०१८ मध्ये ३७८ डब्यांचा ठेका दिला, तो सुमारे ३,००० कोटी रुपयांचा होता आणि बीईएमएलने जिंकला. भूमिगत मेट्रो ३ साठीचे २४८ डबे अल्स्टॉमने आंध्र प्रदेशातील श्रीसिटी येथे बांधले. कंपनी परदेशी असली तरी डबा येथे बांधलेला. चोवीस, एकोणसत्तर, एकशे दोन, दोनशे अठ्ठेचाळीस, तीनशे अठ्ठ्याहत्तर अशी ही चढती भाजणी आहे, आणि ती चढत जाते तसतसे काम देशात येते. इतर कारणे नव्हती असे नाही. २०१४ आणि २०१८ यांच्या दरम्यान धोरणही बदलले होते. परंतु टॅरिफ बोर्डाने १९२४ मध्ये जे म्हटले होते, की मागणी पुरेशी नाही, ते चोवीस डब्यांना जसेच्या तसे लागू पडते. त्या वेळी मागणी देशातच कमी होती. या वेळी ती देशात होती, पण वेगवेगळ्या संस्थांच्या कपाटांत वाटली गेली होती.

एकाच वर्षातील दुसरा ग्राहक

२०१४ मध्येच अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने बॉस्टनच्या मेट्रोसाठी २८४ डब्यांचा ठेका एका चिनी कंपनीला दिला. पुढच्याच वर्षी चीनमधील दोन मोठे उत्पादक एकत्र झाले, त्यामुळे बॉस्टनचा आणि नवी मुंबईचा पुरवठादार एका अर्थाने एकच ठरला. अमेरिकेत 'बाय अमेरिकन' कायदा १९३३ पासून आहे आणि केंद्राच्या पैशाने घेतलेल्या गाड्यांना देशी अंशाची अट लागते. मॅसॅच्युसेट्सने केंद्राचा पैसा न घेता स्वतःचा पैसा वापरला आणि डब्यांची जुळणी राज्यातच झाली पाहिजे अशी अट घातली. त्यामुळे चिनी कंपनीला स्प्रिंगफील्ड या शहरात कारखाना काढावा लागला. ग्राहकाने अट घातली तर तीच कंपनी काय करते, याचा हा पुरावा आहे.

या उदाहरणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बॉस्टनच्या गाड्या कित्येक वर्षे उशिरा आल्या, दोष निघाले, काही गाड्या सेवेतून काढून दुरुस्त कराव्या लागल्या आणि २०२४ मध्ये कराराच्या अटी व किंमत नव्याने ठरवाव्या लागल्या. नव्या कारखान्यात नवे कामगार शिकत असताना प्रवासी जुन्या डब्यांतून धक्के खात होते. देशी खरेदीचा खर्च निविदेच्या दरात दिसतो त्याहून जास्त असतो आणि तो बहुधा फलाटावर उभ्या असलेल्या माणसाच्या वेळेतून वसूल होतो. स्वदेशीचा पुरस्कार करणाऱ्या लेखनात हा हिशेब क्वचितच मांडला जातो.

२०१७ चा आदेश आणि त्यानंतर

केंद्र शासनाने १५ जून २०१७ रोजी सार्वजनिक खरेदीत देशी उत्पादनाला प्राधान्य देणारा आदेश काढला. सप्टेंबर २०२० मधील सुधारणेनंतर ५० टक्के वा अधिक देशी अंश असणारा पुरवठादार पहिल्या वर्गात आणि २० टक्क्यांहून अधिक अंश असणारा दुसऱ्या वर्गात मोडतो. सर्वांत कमी दर पहिल्या वर्गाबाहेरच्या पुरवठादाराचा असला तर, वीस टक्क्यांच्या मर्यादेत दर देणाऱ्या पहिल्या वर्गाच्या पुरवठादाराला तो दर जुळविण्याची संधी मिळते. २०० कोटी रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी जागतिक निविदा काढता येत नाही. या आदेशातील सर्वांत महत्त्वाचे कलम कदाचित दुसरेच असावे: इतर देशांत माल पुरविल्याचा वा निर्यातीचा दाखला पात्रतेसाठी मागता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. पात्रतेच्या अटीत नवख्याला बाहेर ठेवण्याची जुनी युक्ती येथे ओळखली गेली. १८८३ च्या नियमकर्त्यांना हे सुचले नव्हते, किंवा सुचू द्यायचे नव्हते. मेट्रोच्या बाबतीत केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने विनिर्देश समान करण्यास सुरुवात केली आणि निविदेतील किमान ७५ टक्के डबे देशात बांधले जावेत अशी अट आणली.

तथापि हा आदेश केंद्राच्या खात्यांना आणि कंपन्यांना बांधतो. सिडकोसारखी राज्याची कंपनी स्वतःच्या निधीतून खरेदी करते तेव्हा तिच्यावर राज्याचे नियम चालतात. म्हणजे नवी मुंबईची खरेदी २०१७ नंतर झाली असती तरी केवळ या आदेशामुळे निकाल बदलला असता असे म्हणता येत नाही. २३ जुलै २०२० चा नियम मात्र राज्यांनाही लागू करण्यात आला. भारताशी भूसीमा असलेल्या देशांतील निविदाकारांना आधी नोंदणी करणे त्याने सक्तीचे केले. त्याच्या आधीच, जून २०२० मध्ये, प्राधिकरणाने मोनोरेलच्या दहा गाड्यांची निविदा रद्द केली होती, कारण उरलेले दोन्ही निविदाकार चिनी होते. पुढे ते काम हैदराबादच्या मेधा कंपनीला मिळाले. येथेही खरेदी लहान होती, दहा गाड्यांची. तरीही देशी उत्पादक पुढे आला. मोठ्या परिमाणाशिवाय देशी उत्पादन होतच नाही, या निष्कर्षाला हा अपवाद मानावा लागेल. मेधा कंपनी रेल्वेला विद्युत सामग्री पुरवीत मोठी झाली होती, हे त्याचे कारण असावे; एका ग्राहकाने घडविलेले कसब दुसऱ्याच्या उपयोगी पडले.

दरम्यान बाहेरच्या जगाचा दाबही वाढतो आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या शासकीय खरेदी करारात भारत २०१० पासून केवळ निरीक्षक आहे. पण संयुक्त अरब अमिरातीशी २०२२ मध्ये झालेल्या करारात शासकीय खरेदीचे प्रकरण आले. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या करारात केंद्राच्या काही खरेदीची दारे ब्रिटिश पुरवठादारांना उघडण्याचे मान्य करण्यात आले. राज्ये आणि स्थानिक संस्था त्यातून वगळल्या आहेत. रुपया निविदेसाठी झगडलेल्या पिढीला या वृत्ताची गंमत वाटली असती.

नवी मुंबईच्या तळोजा आगारातील चोवीस डबे पुढील तीस वर्षे तरी चालवावयाचे आहेत. चाके, ब्रेकचे भाग, दरवाजांची यंत्रे, नियंत्रण संगणकांची पाटे ही सामग्री दरवर्षी लागेल, आणि आगारापासून काही किलोमीटरवर तळोजा औद्योगिक क्षेत्र आहे. कोणता भाग मूळ उत्पादकाकडूनच घेतला पाहिजे आणि कोणता भाग चाचणी करून येथील कारखान्याकडून घेता येईल, याची यादी सिडकोला करता येईल. अशी यादी करावयाची झाल्यास त्या भागांचे आराखडे आणि चाचण्यांचे निकष ग्राहकाच्या हाती असावे लागतात. ते मूळ करारात मागून घेतले असतील, तरच पुढच्या निविदेचे विनिर्देश नवी मुंबईत लिहिले जातील.